फंडिंग न घेता चालणाऱ्या सॉफ्टवेअर धंद्यांवरही एकदा लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात स्टार्टअपवर जी पुरवणी आली ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली, माझ्या बारावीतल्या पुतण्यानेही वाचली, आणि वाचून झाल्यावर त्याने मला विचारलं, काका, तुम्हाला फंडिंग किती मिळालं? मी म्हटलं काहीच नाही. त्यावर तो म्हणाला, मग तुमचं ते स्टार्टअप नाहीये का? त्या प्रश्नामुळेच हे पत्र लिहायला बसलोय. पोराचं काही चुकलं नाही हो, पुरवणीतल्या प्रत्येक बातमीत पहिला आकडा होता तो कुणी किती कोटी उचलले याचा, पण त्या कंपनीचे गिऱ्हाईक किती, ते वर्षाला किती पैसे देतात आणि त्यातले किती जण दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसे भरतात हे कुठंच नव्हतं. वाचणाऱ्या पोराला वाटणारच की सॉफ्टवेअरचा धंदा म्हणजे आधी कुणाकडून तरी कोटीभर रुपये आणायचे आणि मग सुरू करायचं.

मी सोलापूरचा. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी (अडत म्हणजे कमिशन, ते घेऊन शेतकऱ्याचा माल विकून देणारी दुकानं) सॉफ्टवेअर बनवतो आणि विकतो, २००९ पासून. कुणाचीही गुंतवणूक नाही, बँकेचं कर्ज एकदाच काढलं होतं तेही फेडून झालं. आज ३४० दुकानं माझं सॉफ्टवेअर वापरतात, प्रत्येकी वर्षाला ९ हजार देतात, माझ्यासकट पाच माणसांचं घर त्यावर चालतं. माझ्यासारखे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कुणी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतं, कुणी दूध संकलनाचं, कुणी पॅथॉलॉजी लॅबचं, कुणी क्लासेसच्या फीचं. कुणाचंच नाव पेपरात येत नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही, पण पोरांना हा रस्ता आहे हे तरी कळायला पाहिजे, म्हणून माझं कसं झालं ते जरा सविस्तर लिहितो.

आमचे वडील यार्डात एका कांद्याच्या दुकानात दिवाणजी, म्हणजे हिशोब लिहिणारे कारकून होते. ज्यांना यार्ड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रात्री गाड्या येतात, पोती उतरतात, सकाळी लिलाव होतो आणि लिलाव झाला की शेतकरी दुकानाच्या पायरीवर पट्टीची वाट बघत बसतो. पट्टी म्हणजे त्याचा हिशोब. नाव, गाव, वक्कल (मालाचा ढीग), किती डाग (पोती), वजन, दर, रक्कम, आणि मग त्यातून वजा हमाली, तोलाई, वाराई (मजुरीचीच एक कपात), मोटारभाडं, आधी घेतलेली उचल, आणि खाली हातात पडणारी रक्कम. डिसेंबर ते फेब्रुवारी कांद्याचा हंगाम असतो, तेव्हा एकेका दुकानात दिवसाला दोनदोनशे पट्ट्या हाताने लिहायच्या, कार्बन घालून तीन प्रतीत. वडील रात्री घरी यायचे तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं निळी असायची आणि जेवताना ते डाव्या हाताने मनगट दाबत बसायचे. एक बेरीज चुकली की फरक दिवाणजीच्या पगारातून जायचा. शेतकरी तिकडे शेवटची एसटी चुकेल म्हणून घायकुतीला आलेला.

मी बीसीए करून पुण्यात दोन वर्षं एका कंपनीत नोकरी केली, दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये कोड लिहायचो. तेव्हा डोक्यात असं काही नव्हतं की आपण उद्योजक व्हायचं. सुट्टीत घरी आलो तेव्हा वडिलांच्या शेजारी दुकानात बसलो, आठवडाभर फक्त बघितलं, वहीत लिहून घेतलं की कुठला आकडा कुठून येतो आणि मग पुण्याला न जाता चार महिने घरी बसून व्हिज्युअल बेसिकमध्ये एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं, मागे माहिती साठवायला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाईल. त्यात एकच गोष्ट होती, पट्टी. ना खातेवही, ना स्टॉक, ना ताळेबंद. दिवाणजीने वजन आणि दर टाकायचा, एंटर मारायचा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तीन प्रती. दुकानाच्या मालकांनी दोन दिवस चालवून बघितलं आणि गल्ल्यातून पाच हजार रुपये काढून माझ्या हातात ठेवले. मी म्हणत होतो राहू द्या, आपलंच दुकान आहे, तर ते म्हणाले फुकट घेतलं तर उद्या बंद पडल्यावर तुला हक्काने बोलावता येणार नाही. हे वाक्य मी अजून विसरलो नाही. पैसे घेतले म्हणजे जबाबदारी घेतली, हा आमच्यातला करार. फुकट वापरणारे चांगलं चांगलं म्हणतात, पैसे देणारा माणूसच सांगतो की इथे दर टाकताना कर्सर चुकीच्या जागी जातो.

पुढची दुकानं मी फिरून विकलीच नाहीत म्हणा, शेजारच्या गाळ्यातला दिवाणजी येऊन बघायचा की यांच्या पट्ट्या बारा वाजता कशा काय संपतात. आमच्या धंद्यात मालक पैसे देतो पण निर्णय दिवाणजीचा असतो, दिवाणजीला ते नको असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर त्या दुकानात टिकत नाही, हे मला वडिलांमुळे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून कीबोर्डवर माऊसला हात न लावता पूर्ण पट्टी व्हायला पाहिजे हा नियम मी आजपर्यंत मोडलेला नाही. २०१३ पर्यंत ६२ दुकानं झाली.

आणि तिथंच मी जवळजवळ बुडालो होतो. ही गोष्ट नीट सांगतो कारण सॉफ्टवेअर विकणारे बरेच जण याच खड्ड्यात पडतात. मी प्रत्येकाकडून एकदाच पाच हजार घेतले होते आणि सर्व्हिस आयुष्यभर फुकट, असं स्वतःच्या तोंडाने सांगून बसलो होतो. पहिली दोन वर्षं मजेत गेली कारण दर महिन्याला नवीन दुकान मिळत होतं, पण जुन्या दुकानांचे फोन वाढत होते, पहाटे पाचला प्रिंटर चालेना, सातला विंडोज नवीन टाकलं, नऊला दिवाणजी बदलला त्याला शिकवा. सगळं फुकट. आणि यार्डात दुकानं काही अगणित नसतात, नवीन विक्री थांबली की पैसे यायचे थांबले आणि काम मात्र ६२ दुकानांचं. २०१३ च्या दिवाळीत बायकोच्या माहेरहून पैसे आणावे लागले. तेव्हा ठरवलं की वर्षाला ठराविक पैसे घ्यायचे, नाहीतर बंद करून पुन्हा पुण्याला नोकरी.

६२ च्या ६२ दुकानात स्वतः गेलो, फोनवर नाही सांगितलं. खूप बोलणी खाल्ली. एक जुने व्यापारी होते, सत्तरीच्या पुढचे, ते म्हणाले अरे मी तुझ्याकडून वस्तू विकत घेतली ना, मग काटा विकत घेतला तर दर वर्षी काट्याचे पैसे देतो का मी? मी म्हटलं मालक, काट्यावर दर वर्षी वैधमापनचा शिक्का मारून घ्यावा लागतो, त्याचे पैसे तुम्ही भरताच की, शिक्का नसेल तर तो काटा वापरता येत नाही. ते गप्प बसले, चहा मागवला, आणि तीन हजार दिले. त्यानंतर प्रत्येक दुकानात मी हेच काट्याचं उदाहरण दिलं. ११ जणांनी सोडलं, ५१ राहिले. म्हणजे वर्षाला १ लाख ५३ हजार. रक्कम फार नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा मला एप्रिल महिन्यात माहीत होतं की पुढच्या मार्चपर्यंत घरात किती पैसे येणार आहेत, त्यामुळे एक मुलगा नोकरीला ठेवता आला, तो फोन घ्यायचा आणि मी नवीन काम करायचो. सोडून गेलेल्यांपैकी चार जण दुसऱ्या हंगामात परत आले.

या वार्षिक वर्गणीवरच हा सगळा धंदा उभा असतो. शंभर दुकानं असतील आणि दर वर्षी त्यातली वीस सोडून जात असतील तर नुसतं आहे तिथं राहायला वीस नवीन आणावी लागतात, आणि पाचच सोडून जात असतील तर तोच माणूस तितक्याच कष्टात वाढत जातो. म्हणून मी नवीन गिऱ्हाईक शोधण्याआधी जुनं का सोडून गेलं ते जाऊन विचारतो. बहुतेक वेळा कारण सॉफ्टवेअर नसतंच, दिवाणजी बदललेला असतो आणि नव्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दुसरी गोष्ट २०१६ ची. जुलैमध्ये राज्य सरकारने फळं भाजीपाला आणि कांदा बटाटा बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा निर्णय झाला. व्यापाऱ्यांनी काही दिवस बाजार बंद ठेवले, आपल्याच पेपरात रोज बातम्या होत्या. शेतकऱ्यांसाठी ते चांगलंच झालं, पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये अडत ही शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होणारी रक्कम म्हणून पक्की लिहिलेली होती, ती आता तिथून काढून खरेदीदाराच्या बिलात मिळवायची होती आणि बाजार सुरू होईल त्या दिवशी सकाळी सगळ्या दुकानात नवीन पट्टी निघाली पाहिजे होती. तीन रात्री मी आणि तो मुलगा झोपलो नाही. चौथ्या दिवशी पेन ड्राईव्ह घेऊन दोघं दोन मोटरसायकलवर दुकानंदुकानं फिरलो. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी आली, पट्टी रोखीऐवजी चेकने द्यायची वेळ आली, चेक नंबर टाकायला जागाच नव्हती, ती केली. पुढच्या जुलैत जीएसटी. तेव्हापासून कुठलाही दर, कुठलीही कपात मी कोडमध्ये पक्की लिहीत नाही, सगळं सेटिंगमध्ये. पण खरी गंमत अशी की त्या दीड वर्षात माझी जेवढी दुकानं वाढली तेवढी आधी कधीच वाढली नव्हती, कारण बाहेरचं मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलेल्यांना वाराई म्हणजे काय हे फोनवर समजावून सांगावं लागत होतं आणि माझा माणूस दुकानात उभा होता.

एक चूकही सांगतो, ती लपवून उपयोग नाही. २०१४ मध्ये एका दुकानातली ॲक्सेसची फाईल खराब झाली, बॅकअप कुणी घेतलेलाच नव्हता, ऐन जानेवारीत. त्यांच्या उचलीचा सगळा हिशोब त्यात होता, कुठल्या शेतकऱ्याला किती दिलेत ते. मी कार्बनच्या प्रती घेऊन त्यांच्या माडीवर चार रात्री बसून अडीच महिन्यांच्या पट्ट्या पुन्हा टाइप केल्या, वडील रिटायर झालेले होते, ते शेजारी बसून वाचून दाखवत होते आणि मी टाकत होतो. त्या मालकांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही पण माझं मन मलाच खात होतं. त्यानंतर पहिलं काम केलं ते रोज दुकान बंद करताना आपोआप बॅकअप, आणि पुढे वर्षभरात ॲक्सेस काढूनच टाकलं.

आणखी एक काम आपल्या पेपराच्या डिटीपीवाल्यांना लगेच कळेल. सुरुवातीला शेतकऱ्यांची नावं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाकलेली होती, कारण तेव्हा मराठी प्रिंट म्हटलं की तेच. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, म्हणजे आपल्या भाषेची गरज ओळखून इथेच बनवलेलं आणि पैसे देऊन विकत घेतलं गेलेलं सॉफ्टवेअर, गल्लीतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्यापासून मोठमोठ्या छापखान्यांपर्यंत किती जणांचं पोट त्यावर चाललं. मोबाईलवर पट्टीचा मेसेज पाठवायची वेळ आली तेव्हा सगळी नावं युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा अक्षरपद्धतीत) न्यावी लागली, आणि पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, रफाराचंही असंच उलटं. शिवाजी, शिंदे, विठ्ठल, सगळ्यांची वेलांटी भलतीकडे. त्यासाठी प्रोग्राम लिहिला तरी शेवटी दुकानात बसून एकेक गाव तपासावं लागलं. असल्या कामाचं कुणी कौतुक करत नाही, पण शेतकऱ्याला स्वतःचं नाव बरोबर छापलेलं लागतं आणि ते लागायलाच पाहिजे.

मोठी नावं पाहिजेत तर तीही आहेत की, आणि तीही अशीच उभी राहिली. टॅली घ्या, आपल्या प्रत्येक सीएच्या ऑफिसात आहे. श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्यांना आणि कारखान्यांना माल पुरवायचा धंदा होता, स्वतःचे हिशोब नीट ठेवेल असं सॉफ्टवेअर सापडेना म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना ते लिहायला सांगितलं, १९८६ मध्ये बंगळूरमधून सुरुवात झाली. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं आणि त्याची अडचण खरी होती. आपल्या पुण्याचं क्विक हील तर प्रत्येक मराठी पोराला माहीत असायला पाहिजे. कैलास काटकर मूळचे रहिमतपूरचे, दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकले, नंतर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं, पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले, धाकटे भाऊ संजय यांना कॉम्प्युटर शिकायला लावलं. दुरुस्तीला येणारी मशीनं व्हायरसने भरलेली असायची, ते काढायला संजय यांनी प्रोग्राम लिहिले आणि त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यात क्विक हील अँटीव्हायरस झालं. बाहेरची मोठी गुंतवणूक त्यांनी घेतली ती २०१० मध्ये, तोपर्यंत ती कंपनी गिऱ्हाइकांच्या पैशावर वाढलेली होती, आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. दुकानात रोज येणारी तीच तीच तक्रार त्यांनी बघितली, हे त्यातलं मूळ आहे, पण आपण सांगताना शेअर बाजारापासून सांगतो.

चेन्नईच्या झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचंही तेच. १९९६ ला ॲडव्हेंटनेट नावाने सुरू झालेली कंपनी, श्रीधर वेंबू आणि सहकाऱ्यांची, बाहेरच्या फंडांचा पैसा त्यांनी घेतला नाही. आधी ते टेलिकॉम कंपन्यांना लागणारं नेटवर्कचं सॉफ्टवेअर करत होते, २००१ च्या आसपास अमेरिकेत त्या धंद्यात मंदी आली आणि गिऱ्हाईकच आटले, तेव्हा त्यांनी ऑफिसातले कॉम्प्युटर नेटवर्क सांभाळायची सॉफ्टवेअर काढली, मग २००५ पासून झोहो नावाने इंटरनेटवर चालणारी ऑफिसची सॉफ्टवेअर. गाठीला पैसा होता म्हणून वळायला वेळ मिळाला, आणि वर बसून घाई करणारा कुणी नव्हता. तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या गावात ऑफिस टाकायचा निर्णयही असाच माणूस घेऊ शकतो ज्याला कुणाला विचारावं लागत नाही. अमेरिकेतल्या मेलचिंपचं उदाहरण त्याहून मोठं, अटलांटामधल्या वेबसाईट बनवणाऱ्या लोकांनी २००१ मध्ये जोडधंदा म्हणून सुरू केलेलं ईमेल पाठवायचं सॉफ्टवेअर, बाहेरचा पैसा न घेता वीस वर्षं चालवलं आणि २०२१ मध्ये इंट्यूटने ते साधारण १२ अब्ज डॉलरला विकत घेतलं.

मी फंडिंगच्या विरोधात नाही. काही धंदे पैशाशिवाय सुरूच होत नाहीत, चिप बनवायची असेल, औषध शोधायचं असेल तर लागतातच पैसे. पण अडत दुकानाच्या, पतसंस्थेच्या, दवाखान्याच्या सॉफ्टवेअरला आधी लागतो तो वेळ आणि त्या धंद्याची माहिती. एकदा मलाही एका गुंतवणूकदाराकडून विचारणा झाली होती. त्यांचं म्हणणं होतं, दीड वर्षात दहा राज्यांत गेलं पाहिजे. मी विचार केला की नाशिकची पट्टी सोलापूरसारखी नाही, कपाती वेगळ्या, शब्द वेगळे, पलीकडे कर्नाटकात विजापूरला तर सगळंच वेगळं, दहा राज्यांत जायचं तर मला हे सगळं न बघता जावं लागेल. नाही म्हटलं. बार्शी, पंढरपूर, लातूर, मग उस्मानाबाद (आताचं धाराशिव) असं एकेक यार्ड केलं, प्रत्येक यार्डात पहिले पंधरा दिवस मी किंवा माझा माणूस तिथं लॉज घेऊन राहतो. हळू आहे, पण केलेलं परत सोडावं लागलं नाही.

आता अडचणींबद्दल, कारण पेपराने खरं तर यावर लिहायला पाहिजे. आमच्यासारख्यांना स्पर्धा मारत नाही, थकलेलं बिल मारतं. एका मोठ्या संस्थेने, नाव लिहीत नाही, माझ्याकडून त्यांच्यापुरतं खास काम करून घेतलं, पावणेचार लाखांचं. मोठं नाव मिळालं म्हणून मी सहा महिने त्यातच गुंतलो, बाकीच्या दुकानांकडे दुर्लक्ष झालं. काम झालं, वापरायला लागले, बिल दिलं, आणि पैसे अकरा महिन्यांनी आले तेही चौदा हेलपाटे घातल्यावर. त्यात जीएसटीचा नियम असा की बिल फाडलं की १८ टक्के सरकारला भरायचा, पैसे हातात आले की नाही याच्याशी संबंध नाही. म्हणजे मला न मिळालेल्या पैशावरचा टॅक्स मी बायकोचे दागिने गहाण ठेवून भरला, वर उल्लेख केलेलं कर्ज तेच. कायदा आहे, एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, आणि २०२४ पासून इन्कम टॅक्समध्येही तरतूद आली की असे पैसे वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. पण त्यासाठी आपलं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) असावं लागतं आणि बिलावर ते लिहिलेलं बरं, हे मला माझ्या सीएने सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मला खात्री आहे की असे शेकडो जण आहेत ज्यांनी अजून रजिस्ट्रेशन केलेलं नाही. आपल्या पेपरात हे चार ओळीत छापलंत तरी कितीतरी जणांचे पैसे वाचतील. आणि देणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो, हमालाचे पैसे तुम्ही संध्याकाळी देता ना, आमचेही तसेच कष्टाचे असतात, फक्त ते पाठीवर दिसत नाहीत.

त्या अनुभवानंतर एकासाठी खास असं काम मी करत नाही. चार दुकानांनी मागितलं तरच ते सॉफ्टवेअरमध्ये जातं आणि मग सगळ्यांनाच मिळतं. यात काही गिऱ्हाईक नाराज होतात. तरीही.

गेल्या वर्षी एका इंजिनियरिंग कॉलेजने मला स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. वीसेक टीम होत्या, प्रत्येकाच्या स्लाईडवर अब्जावधी डॉलरचं मार्केट, पाच वर्षांचे वर जाणारे आलेख. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, आतापर्यंत कुणी पैसे दिलेत का? शेवटून दुसऱ्या टीममधल्या दोन मुली म्हणाल्या हो, २३ जणी देतात, महिन्याला ४० रुपये. कशाचे? तर त्यांच्या हॉस्टेलजवळ ज्या मावशी डबे देतात त्यांच्याकडे आज डबा पाहिजे की नको हे रात्री कळवायचं छोटं ॲप त्यांनी केलं होतं, आधी मावशींना सकाळी तीस फोन घ्यावे लागायचे आणि तरी डबे वाया जायचे. ९२० रुपयांचा महिन्याचा हिशोब त्यांनी वहीत लिहून आणला होता, कुणी कधी दिले, कुणी का बंद केलं त्याच्या नोंदींसकट. त्यांची स्लाईड साधी होती, इंग्रजी अडखळत होतं, आणि बाकीच्या परीक्षकांनी त्यांना पहिल्या दहातसुद्धा घेतलं नाही. मी खूप भांडलो पण गुणपत्रिकेत मार्केट किती मोठं याला २० मार्क होते आणि गिऱ्हाइकाने पैसे दिले का याचा रकानाच नव्हता. कॉलेजांना माझी विनंती आहे की तो रकाना घाला. शंभरपैकी पन्नास मार्क त्याला द्या.

हल्ली सगळे म्हणतात की आता एआय कोड लिहितं, मग तुमचा धंदा संपला. कोड तर लिहितं आणि मीही वापरतो, दोन आठवड्यांचं काम दोन दिवसांत होतं, खोटं कशाला बोलू. पण पहाटे दुकानात उभं राहून दिवाणजी कुठं अडतो ते बघायला माणूसच लागतो, आणि गावोगावच्या पोरांसाठी तर ही संधी आहे, कारण पूर्वी ज्याला धंदा माहीत होता त्याला कोड येत नव्हता, आता त्याला तेवढी अडचण राहिली नाही. ज्याच्या घरात यंत्रमाग आहे, द्राक्षबाग आहे, मेडिकलचं दुकान आहे, त्याला काय बनवायचं हे शोधायला बंगळूरला जायची गरज नाही. पैसे गोळा करणंही सोपं झालंय, मी वर्गणीसाठी दुकानंदुकानं फिरायचो, आता निम्मे लोक यूपीआय ऑटोपेवर आहेत.

वडील आता नाहीत. शेवटपर्यंत ते महिन्यातून एकदा यार्डात जाऊन कुठल्यातरी दुकानात बसायचे आणि घरी येऊन सांगायचे की अमुक ठिकाणी उचलीचा आकडा पट्टीवर खूप खाली येतो, शेतकऱ्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, वर घे. मी घेतला.

पुतण्याला मी उत्तर दिलं की आपल्याला ३४० जणांनी फंडिंग दिलंय आणि दर वर्षी देतात. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, त्याला अजून पुरवणीतलेच आकडे मोठे वाटतात आणि त्या वयात वाटणारच. म्हणून संपादक साहेब, आपल्याला विनंती आहे की पुढच्या पुरवणीत एक पान अशा धंद्यांना द्या. आपला वार्ताहर पाठवा, तो यायचा असेल तर पहाटे पाचला यार्डाच्या गेटवर यावं, डिसेंबरात आला तर उत्तम, स्वेटर घालून यावं. लिलाव होईपर्यंत चहा घेऊ, मग त्याला दिवाणजीच्या शेजारी बसवतो आणि पहिली पट्टी त्यालाच काढायला लावतो.

आपला नियमित वाचक,
मार्केट यार्ड परिसर, सोलापूर